पंखा चारवर

धाकट्या भावाची, आदिनाथची नवी गाडी दारात उभी राहिली आणि अंगदच्या पोटात दुखायला लागलं. त्याच्या जुन्या गाडीतला एसीचा पंखा फक्त चार नंबरवर चालायचा, तोही पिठाच्या गिरणीसारखा घरघरत. आता आई त्या शांत, गारेगार गाडीला सोकावणार, या विचारानं त्याला जेवण गोड लागेना.

शेवटी मोबाईलवर बघून बघून, डॅशबोर्डखाली डोकं खुपसून, त्यानं पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा जळालेला रेझिस्टर काढला आणि नवा बसवला. बोटं सोलून निघाली, पण पंखा एक नंबरवर झुळकीसारखा फिरू लागला.

एकादशीला तो आईला घेऊन नारायणगडाला निघाला. वाटेत नेहमीसारखं त्याचं आदिनाथची उणीदुणी काढणं चालूच होतं. त्याचा थाट, त्याची बायको, त्याची ती गाडी. गड दिसल्यावर त्यानं ऐटीत विचारलं, "आई, हाय का न्हाई आपली गाडी त्याच्यापरीस शांत?"

"लई शांत हाय बाबा. पर पंखा चारवरच कर."

"आता कावून?"

 

"इतके दिस तू धाकट्याबद्दल काय बोलतूस, ते मला ऐकूच येत न्हवतं."