पत्र्यापलीकडे

दिकेलेदीने घरी व्हायोलिन काढलं, की शेजारची म्हातारी गोगो मसेको दोन घरांमधला पत्रा धडाधड बडवायची. म्हणून अलेक्झांड्रा वस्तीतल्या चर्चमध्ये व्हायोलिनच्या क्लासच्या मदतीसाठी कार्यक्रम ठेवला, तेव्हा गोगोला पुढच्याच बाकावर पाहून दिकेलेदीने व्हायोलिन पाठीमागे धरलं.

"तुमच्या क्लासला खोली बांधायचीय ना? म्हणून तिकीट घेतलंय मी," गोगो फणकारली. "तिकडे जाऊन वाजव काय ते. माझे कान तरी सुटतील."

दिकेलेदी वाजवायला लागली आणि मध्येच अडली. पुढचे सूर काही केल्या आठवेनात. तेवढ्यात कुणीतरी खरखरत्या आवाजात पुढची ओळ गुणगुणायला लागलं, अगदी बिनचूक.

दिकेलेदीने मान वर केली.

"बघतेस काय माझ्याकडे?" गोगो म्हणाली. "दोन वर्षं मला पाठ करायला लावलंस, आणि आज स्वतःच विसरलीस होय गं? वाजव पुढे."