परत न आलेलं नाव

गुफरानला दुबईच्या एका गॅरेजात नोकरी लागली होती. जायच्या आधी आपण तिघं एकदा धारूरच्या किल्ल्यावर जाऊ, असं हनुमान म्हणाला आणि आम्ही भर दुपारी वर चढलो.

तटावरून समोरच्या डोंगराकडे तोंड करून ओरडलं की आपलं नाव परत येतं. शाळेत असल्यापासून आमचा हा खेळ. हनुमान ओरडला, त्याचं नाव परत आलं. मी ओरडलो, माझंही आलं.

गुफराननं छाती भरून स्वतःचं नाव घेतलं. दरी गप्प राहिली.

"आवाज कमी पडला बे," हनुमान हसला.

गुफरान पुन्हा ओरडला. घसा बसेपर्यंत ओरडला. वाऱ्यानं गवत हललं, तेवढंच.

"कावून बोलंना हा डोंगर? आत्तापासूनच इसरला का काय मला?" तो हसायला गेला, पण त्याचे डोळे भरून आले. लहानपणापासूनच्या ओळखीच्यानं तोंड फिरवावं, तसं त्याला झालं असणार. मला ते बघवेना.

"थांब, मी हाक मारतो," म्हणत मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडलो, "गुफराऽऽन!"

नाव परत आलं नाही. जरा वेळानं खालच्या झाडीतून गुफरानचाच आवाज आला, "थांबा बे, आलो!"

गुफरान माझ्या शेजारीच उभा होता, ओठ घट्ट मिटून. त्यानं माझं मनगट धरलं.

खाली एक दगड घसरला. कुणीतरी वर चढू लागलं होतं.