वयाला शोभेल असं

चिखलदऱ्याला दरीवरून जाणारी झिपलाइन पाहिली आणि शोभाबाईंनी पदर कमरेला खोचला. "मले जायचं हाय याच्यात."

"आई, अडुसष्टची झाली तू आता!" योगेंद्रने हात जोडले. "वयाले शोभन असं वागावं मानसानं. देवीचं दर्शन झालं ना? बाकावर बस आता."

शोभाबाईंनी मुलाच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि खोचलेला पदर सोडला. "बरं. तू बी बस माह्याजवळ."

धाकटी लेक गुंजन एकटीच दरीपार जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी, आर्वीच्या घरी, शोभाबाई झोपेतच गेल्या.

तेरवीच्या पंगतीत योगेंद्र पाहुण्यांना ज्ञान देत होता. म्हाताऱ्या माणसांना कुठे न्यावं, काय दाखवावं, काय करू देऊ नये, सगळं त्याला पाठ होतं. "आईसाठी म्या झिपलाइन सोडली. तिच्या सोबतीले बसून राह्यलो."

"असा पोरगा नशिबानंच भेटते," मामा गहिवरले.

बुंदी वाढता वाढता गुंजन थांबली.

"तू आईसाठी नाई बसला, दादा. जत्रंतल्या पाळण्यातबी तुले भोवळ येते. तुही लाज राखाले आई बसली."