आवाज जातो कुठे

अण्णांचं स्वरयंत्र काढल्यापासून गळ्यातली पट्टी त्यांच्या मनातले शब्द टिपायची आणि टेबलावरचा स्पीकर ते त्यांच्याच आवाजात बोलायचा. आई गेली तेव्हापासून स्पीकर मुका होता; तेरावं उरकून पाहुणे गेले तरी तो बोलला नव्हता.

"अण्णा, काहीतरी बोला ना," त्यांची लेक ऋजुता म्हणाली. पट्टीने टिपलेल्या शब्दांचा आवाज करणारा पायथॉनचा प्रोग्राम संगणकावर सुरळीत चालला होता. पडद्यावर आवाजाची रेघ वरखाली होत होती. म्हणजे अण्णा बोलत होते.

आवाज कुठे जातोय ते बघायला तिने संगणकाच्या लिनक्स सेटिंगमध्ये आउटपुटची यादी उघडली. स्पीकरऐवजी आईचं श्रवणयंत्र निवडलेलं होतं. आईशी खासगी काही बोलायचं असलं की अण्णा तेच निवडायचे. बदलायचं राहिलं असेल, तिला वाटलं. पण श्रवणयंत्राचं चार्जिंग संपलं की आवाज आपोआप स्पीकरवर यायचा, आणि आईला जाऊन तर पंधरा दिवस झाले होते.

ती आईच्या पलंगापाशी गेली. उशाशी श्रवणयंत्र चार्जिंगला लावलेलं होतं. तिने ते काढून कानात घातलं.

"ठेव ते जागेवर," अण्णांचा आवाज अगदी कानाशी आला. "तिला सांगून संपलं नाहीये अजून माझं."

ऋजुताने यंत्र पदराने पुसून परत उशाशी चार्जिंगला लावलं आणि चार्जिंगचा हिरवा दिवा लागेपर्यंत तिथेच उभी राहिली.