चौथा संन्यास

"आजपासून मला बायको नाही, मुलगी नाही, दुकान नाही!" बाबांनी चष्म्याच्या दुकानात, भर गिऱ्हाइकांसमोर जाहीर केलं.

मुलीने नाक मुरडलं. हा त्यांचा चौथा संन्यास. काम अंगावर आलं की बाबांना वैराग्य यायचंच, आणि सोमवारी एका शाळेचे चाळीस चष्मे द्यायचे होते. म्हणजे मुहूर्त अगदी अचूक! पहिला संन्यास गार पाण्याच्या आंघोळीपाशी आटोपला होता, दुसरा कडक सतरंजीपाशी. तिसऱ्या वेळी तर आश्रमात शेजारचा घोरत होता म्हणून मोक्ष हुकला.

दुकानात काचा घासायची ती आईच. वीस वर्षं मशीनवर वाकून तिच्या बोटांना चरे पडले होते. बाबा खुर्चीत बसून पोथी वाचायचे. आणि बाहेर पाटीवर नाव कुणाचं? बाबांचं, हातभर अक्षरांत. आईने एकदाच विचारलं होतं, खाली माझंही घालूया का. "नावाचा मोह म्हणजे अहंकार," बाबा म्हणाले होते. त्याच पाटीखाली उभं राहून!

आणि आता आईने काय करावं? चक्क वाकून नमस्कार केला. मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, अगं पाया कसली पडतेस या नाटकाच्या?"

"गप गं. संन्यास घेणारा आधी स्वतःचं श्राद्ध घालतो. थट्टा आहे का ती?" मग आई बाबांकडे वळली. आवाज अगदी लोण्यासारखा. "अहो, या खेपेला वकिलांसमोर रीतसर लिहूनच द्या ना. दुकान माझ्या नावे केलं, सगळं सोडलं म्हणून. हसणाऱ्यांचे दात घशात जातील."

बाबा टम्म फुगले. वकिलांसमोर झोकात सही ठोकली. वर पदरचे दोन श्लोकही घातले. मुलीला आईची अश्शी कीव आली. इतकं भोळं असावं माणसाने?

नवव्या दिवशी बाबा दारात हजर. पाठीत उसण भरलेली, चेहरा पडलेला. चाळीस चष्मे केव्हाच शाळेत पोचले होते. "चहा टाक गं," म्हणत ते खुर्चीकडे निघाले. खुर्चीत मुलगी बसली होती, काचा पुसत. फणकाऱ्याने ते पुन्हा बाहेर आले, तेव्हा त्यांचं लक्ष पाटीकडे गेलं. ताजा रंग, आणि आईचं नाव. हातभर अक्षरांत.

"ही पाटी कुणी बदलली? माझं दुकान आहे हे!"

आईने मशीन बंद केलं. हात पुसले. पुन्हा तस्साच वाकून नमस्कार केला.

"महाराज, तुमचं कुठे काय असतं? थांबा, भिक्षा वाढते." दोन पावलं जाऊन ती वळली. "आणि उद्या दुसरं घर बघा हं. संन्याशाने रोज एकाच दारी येऊ नये. शास्त्रात बसत नाही."