पाण्याचं बटण

व्हॅनचा एसी माझ्यानं दुरुस्त होणार नाही, असं धरून मीच गिऱ्हाईक बोलावलं होतं. झोपायची सोय असलेली ही जुनी व्हॅन विकली की बायकोचं फिरणं संपणार होतं. डॉक्टरांनी तिला ऊन वर्ज्य केलंय. पंखा फिरे, हवा मात्र गरमच. “गाडीच्या पुस्तकात नाही सापडलं?” तिनं चिडवलं. थकून कॉम्प्रेसरची वायर चाचपत गेलो. वायर ‘पाणी’ लिहिलेल्या बटणाशी पोहोचली. व्हॅनमधली पाण्याची टाकी कोरडी म्हणून ते कधी दाबलंच नव्हतं. “नका दाबू, पंपाची मोटर जळून जाईल!” बायको ओरडली. पण मला आठवलं, घरच्या कूलरलाही अशीच दोन बटणं, पंख्याचं आणि पाण्याचं. कुण्या कूलरवाल्या मिस्त्रीनं सवयीनं पंपाच्या बटणाला कॉम्प्रेसर जोडला असावा. भीत भीत दाबलं. गार झुळूक आली. “काहून विकून राहिले मंग?” ती म्हणाली. गिऱ्हाईक आलं. गारवा जाऊ नये म्हणून खिडकी बोटभरच सरकवून म्हटलं, “नाही विकायची.”