वहिनींच्या नावे

फोटोतल्या नवरीच्या चेहऱ्यावरचा हॅलोजनच्या दिव्याचा पिवळेपणा घालवता घालवता हेमांगीचे डोळे चुरचुरायला लागले. अजून दोन लग्नांचे अल्बम लावायचे होते.

पलीकडच्या खोलीत, आयकराचं रिटर्न भरून द्यायला आलेले केळुसकर तिच्या नवऱ्याला सांगत होते, "फोटोग्राफीची सगळी कमाई तुमच्याच नावावर दिसतेय. थोडी वहिनींच्या नावे दाखवू. कर वाचेल."

"पण ती तर घरीच असते."

"असू दे. काहीतरी काम करतात असं दाखवायचं, नावापुरतं."

हेमांगी उठून दारात आली. "लिहा," ती म्हणाली. "फोटो मी निवडते, रंग मी सुधारते, अल्बम मी लावते. गिऱ्हाइकांकडे राहिलेले पैसे फोन करकरून मीच मागते."

केळुसकरांनी कौतुकानं मान डोलावली. "वहिनींचं डोकं चालतं हं. पण एवढं नको. एकटी बाई इतकं करते म्हटलं तर आयकरवाल्यांना संशय येईल. एखादंच ठेवू."

हेमांगीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं जरा विचार केला.

"फोन करते असं लिहा," तो म्हणाला. "तेवढं खपून जाईल."